वीजबिलातला तारांचा खर्च कुणी, किती आणि कसा भरायचा? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या काही सहकारी पाणीपुरवठा संस्थांची आणि लहान कारखान्यांची वीजबिलं तपासून द्यायचं काम मी करतो. बिल हातात घेतलं की माणूस आधी युनिट बघतो, मग एकूण रक्कम बघतो आणि मधल्या ओळींवर बोट ठेवून विचारतो, "हे कशाचं?" त्या मधल्या ओळींबद्दल आजवर विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

तारांचा खर्च म्हणजे नेमका कोणता?

वीज तयार करायचा खर्च वेगळा आणि ती दारापर्यंत आणायचा खर्च वेगळा. कराडच्या 400 केव्ही (केव्ही हे विजेच्या दाबाचं माप) उपकेंद्रातून निघालेली वीज पायरी-पायरीने उतरत 33 केव्हीवर येते, मग 11 केव्हीवर आणि शेवटी तुमच्या गल्लीतल्या डीपीतून, म्हणजे दाब उतरवणाऱ्या छोट्या रोहित्रातून, घरात. या प्रवासातले मनोरे, खांब, तारा, रोहित्रं, ब्रेकर आणि त्यांच्यावर राबणारी माणसं हा सगळा तारांचा खर्च.

हे सगळं आधी पैसे घालून उभारावं लागतं. वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाच्या हिशोबात साधारण 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के भांडवल धरतात. कर्जावर व्याज, भांडवलावर परतावा, दरवर्षीचा घसारा (झिजेपोटी धरलेली रक्कम) आणि देखभाल हे सारं ग्राहकांकडून वसूल होतं. सरकारी अनुदानातून किंवा ग्राहकाच्या स्वतःच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कामावर मात्र कंपनीला परतावा आणि घसारा मागता येत नाही. तुमच्या संस्थेने स्वखर्चाने लाईन ओढली असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

एक खांब रोवला की त्यावरून दहा युनिट गेली काय आणि हजार गेली काय, खांबाचा खर्च तोच राहतो. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

बिलात हा खर्च कुठे दिसतो?

तीन ठिकाणी, त्यातलं एक झाकलेलं. "स्थिर आकार" दरमहा ठरलेला असतो. "वहन आकार" युनिटमागे लागतो. 2024-25 मध्ये महावितरणच्या लघुदाब ग्राहकांना (घरं, दुकानं, लहान जोडण्या) तो युनिटला 1 रुपया 17 पैसे होता. म्हणजे महिन्याला 60 युनिट वापरणाऱ्या घराने 70 रुपये 20 पैसे भरले आणि 250 युनिट वापरणाऱ्याने 292 रुपये 50 पैसे. तिसरा हिस्सा महापारेषण या सरकारी कंपनीच्या मोठ्या वाहिन्यांचा. तो वीजखरेदीच्या खर्चात मिसळून "वीज आकारा"त येतो, म्हणून बिलावर वेगळा दिसतच नाही. तो वेगळा छापायला हवा, असं मला मनापासून वाटतं. जे दिसत नाही त्यावर माणूस प्रश्न कसा विचारणार?

जास्त युनिट वापरली की तारांचा खर्च वाढतो, हे बरोबर ना?

सरळ तसं नाही. खर्च वाढतो तो गर्दीमुळे.

तासगाव किंवा पलूस बाजूचा एखादा शेतातला डीपी डोळ्यांसमोर आणा. 63 केव्हीएचा (केव्हीए हे रोहित्राच्या क्षमतेचं माप) डीपी, त्यावर डझनभर पंप. शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनला) थ्री फेज लाईट ठरलेल्या वेळीच मिळते, कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. रात्री उठून मोटर चालू करायला कोण जाणार, म्हणून प्रत्येक पेटीत ऑटो स्विच. लाईट आली की बाराही मोटारी एका क्षणी उचलतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी तापतो, तेल उकळतं, एक दिवस जळतो. मग त्याच्या जागी 100 केव्हीएचा मागावा लागतो.

आता हेच बारा पंप सहा-सहाच्या दोन पाळ्यांत चालले असते तर? युनिट तेवढीच, उसाला पाणी तेवढंच आणि 63 चा डीपी अजून दहा वर्षं टिकला असता. नव्या डीपीचा खर्च आला तो सगळे एकदम आले म्हणून.

गर्दीचा दुसरा तोटा गळतीचा. तारेतला करंट दुप्पट झाला की तार तापून वाया जाणारी वीज चौपट होते. संध्याकाळी सात वाजता वाया जाणारं युनिट आणि पहाटे तीनला वाया जाणारं युनिट सारखं नसतं.

म्हणून वहन आकार चोवीस तास एकाच दराने युनिटवर लावला की तो चुकीच्या गोष्टीवर लागतो. दुपारी, तारा मोकळ्या असताना, वीज वापरणाऱ्याला तो उगाच रोखतो आणि संध्याकाळच्या गर्दीत भर घालणाऱ्याला काहीच सांगत नाही.

मग बरोबर आकारणी कशी असावी?

सांगलीचा आयर्विन पूल घ्या. 1929 साली बांधला. बांधून झालेल्या पुलावरून आणखी एक सायकल गेली तर पुलाला काही खर्च येत नाही. पूल रिकामा असताना जबर टोल लावला तर लोक जाणं टाळतील, त्यांची गैरसोय होईल आणि पुलाचा एक पैसाही वाचणार नाही. ड्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1844 मध्येच हा विचार मांडला होता. पण रोज सकाळी पूल तुंबायला लागला, शेजारी दुसरा बांधायची वेळ आली, की चित्र पालटतं. आता सकाळी जाणारा प्रत्येक जण नव्या पुलाचा खर्च जवळ आणतो आहे. त्याच्याकडून, आणि त्याच वेळेपुरता, पैसा मागणं रास्त. गर्दीच्या वेळेच्या दराचं हे गणित फ्रान्सच्या वीज कंपनीतल्या मार्सेल ब्वातो यांनी 1949 मध्ये विजेसाठी नीट मांडलं.

त्यातून दोन भाग पडतात. पहिला पुढच्या खर्चाचा: तुमच्या वापरामुळे उद्या जी नवी तार, नवं रोहित्र लागणार त्याचा, म्हणजे गर्दीच्या वेळी, गर्दीच्या जागी. दुसरा मागच्या खर्चाचा: जे आधीच उभं आहे त्याची कर्जं फेडायची आहेत. ती रक्कम गोळा करताना कुणाचं वागणं विनाकारण बदलू नये, म्हणून ती युनिटवर न टाकता जोडणीच्या क्षमतेवर टाकायची.

माझं सगळं म्हणणं या दोन भागांत आहे. आज आपल्या बिलात हे दोन्ही एकमेकांत कालवलेले आहेत, आणि त्यात गरिबाला द्यायची सवलतही कालवलेली आहे.

पुढचा खर्च आकड्यात कसा बसवतात?

एक काल्पनिक उदाहरण करू. एका 33/11 केव्ही उपकेंद्राची क्षमता 5,000 केव्हीएने वाढवायला 4 कोटी रुपये लागणार असं धरा. म्हणजे एका केव्हीएला 8,000 रुपये. व्याज, घसारा, देखभाल मिळून वर्षाला 12 टक्के धरले तर केव्हीएमागे वर्षाला 960 रुपये, महिन्याला 80.

हे 960 वसूल करायचे कसे? उपकेंद्र वर्षातले 100 दिवस, रोज चार तास तुंबत असेल तर गर्दीचे तास 400. त्या तासांत युनिटमागे 2 रुपये 40 पैसे आणि उरलेल्या वेळी शून्य. हीच रक्कम वर्षभराच्या सगळ्या वापरावर पसरली, 40 टक्के भारांकाने (सरासरी वापर पूर्ण क्षमतेच्या 40 टक्के) म्हणजे 3,504 तासांवर, तर युनिटमागे जेमतेम 27 पैसे येतात. 27 पैशांसाठी कुणी मोटारीची वेळ बदलत नाही. 2 रुपये 40 पैशांसाठी बदलतो.

आणखी एक बारकावा. उपकेंद्रात दहा वर्षं पुरेल एवढी मोकळी जागा असेल तर तो खर्च दहा वर्षांनी येणार आहे. 10 टक्के दराने आजच्या किमतीत आणला तर 960 चे साधारण 370 होतात. म्हणजे तुंबलेल्या उपकेंद्रावर आकार जास्त आणि मोकळ्या उपकेंद्रावर कमी. नवा कारखाना किंवा शीतगृह कुठे टाकावं याचा इशारा त्यातूनच मिळतो.

कोयना आमच्या सातारा जिल्ह्यात. मग आम्हाला वीज स्वस्त का नाही?

सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात पोटतिडकीने विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं उत्तर थोडं सविस्तर देतो.

कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट. धरण पाटण तालुक्यात, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं जातं आणि मुख्य वीजगृहं घाटाखाली, पोफळीच्या बाजूला आहेत. कोयनेची वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि प्रामुख्याने राज्यावर मागणीचा ताण असेल तेव्हा वापरली जाते, कारण पाण्याचे दरवाजे उघडून काही मिनिटांत ती मिळते.

जाळ्याच्या खर्चापुरतं बोलायचं तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. वीज जिथे तयार होते त्याच्या जवळ वापरली तर मोठ्या वाहिन्यांवर ओझं कमी पडतं. ब्रिटनमध्ये पारेषणाचे दर भागाप्रमाणे बदलतात: उत्तर स्कॉटलंडमधल्या वीजकेंद्रांना जास्त आणि दक्षिण इंग्लंडमधल्या ग्राहकांना जास्त, कारण उत्तरेत वीज शिल्लक आणि दक्षिणेत तूट. आपल्याकडे आंतरराज्य वाहिन्यांसाठी 2011 पासून असाच, जागेप्रमाणे बदलणारा हिशोब सुरू झाला आणि 2020 च्या नियमांनी त्याची रचना बदलली. राज्याच्या आत मात्र सगळ्या वाहिन्यांचा खर्च एकत्र करून वितरण कंपन्यांच्या सर्वोच्च मागणीच्या (एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेच्या) प्रमाणात वाटला जातो. पोस्टाच्या तिकिटासारखं: पत्र कऱ्हाडला जावो की गडचिरोलीला, तिकीट एकच. वीज कायदा 2003 च्या कलम 62(3) मध्ये दरात फरक करायला जी कारणं मान्य आहेत त्यांत भौगोलिक स्थानही आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. वितरणाचा खर्चही जागेप्रमाणे लावला तर पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांचं काय होईल? चार घरांच्या वाडीसाठी जंगलातून मैलोन्‌मैल 11 केव्हीची लाईन, पावसाळ्यात दर वादळाला झाड पडतं, वायरमन चिखलातून चालत जातो. त्या वाडीचा घरटी तारांचा खर्च मुंबईच्या उपनगरातल्या इमारतीच्या कितीतरी पट आहे. मोठ्या वाहिन्यांवर वाचेल त्याहून जास्त त्या घराला वितरणात मोजावं लागेल. म्हणून घरगुती ग्राहकांसाठी राज्यभर एक दर असावा, असं माझं मत आहे. जागेप्रमाणे फरक करायचाच तर तो मोठ्या उद्योगांना आणि मोठ्या वीजनिर्मितीला करावा, कारण जागा निवडायची मुभा त्यांना असते. वाडीला ती नसते.

आणि कोयना धरणग्रस्तांचा हिशोब वेगळाच आहे. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांचं देणं वीजदरातल्या चार पैशांनी फिटणारं नाही. ते सरकारी तिजोरीतून, जमिनीच्या आणि हक्कांच्या रूपाने द्यायचं आहे. वीजदराच्या वादात ते हरवू देऊ नका.

क्षमतेवर आकार लावला तर एका बल्बवर राहणाऱ्या म्हाताऱ्या आजीचं बिल वाढेल ना?

वाढू शकतं, आणि ही भीती खरी आहे. स्थिर आकार सरसकट वाढवला तर मार सर्वांत आधी तिलाच बसतो. आजही सिंगल फेजच्या घराला स्थिर आकार एकच आहे: एक बल्ब आणि पंखा असलेलं घर, आणि एसी-गिझर असलेला फ्लॅट, दोघांना सारखाच. ही क्षमतेवरची आकारणीच नव्हे. क्षमतेवर म्हणजे आजीच्या अर्ध्या किलोवॅटला अर्ध्याचा आणि एसी-गिझरच्या चार किलोवॅटला चाराचा.

दुसरीकडे काय करतात ते पाहण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये 2009 पासून घरांचा जाळ्याचा आकार जोडणीच्या आकारमानावर ठरतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जानेवारी 2023 पासून महिन्यातली सर्वोच्च मागणी मोजून तिची बारा महिन्यांची सरासरी घेतात, पण किमान 2.5 किलोवॅट धरतातच. आपल्या आजीला हे किमान मानवणार नाही, म्हणून तेवढा भाग उचलू नये. नॉर्वेत 2022 पासून बहुतेक ठिकाणी महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सर्वाधिक वापराच्या तासांची सरासरी घेऊन पायऱ्या पाडल्या जातात. एका दिवशी लग्नघर होतं म्हणून महिनाभर शिक्षा होत नाही. ही पद्धत मला आपल्या स्वभावाला जास्त जवळची वाटते.

आणि आजीला मदत द्यायचीच. पण ती अनुदान म्हणून, उघड. कायद्याच्या कलम 65 प्रमाणे राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरायची असते. मदत तारांच्या दरात लपवली की ती नक्की कुणाला पोचली हे कळत नाही. बंद असलेल्या दुसऱ्या घराचं बिलही "गरीब" ठरतं, कारण तिथे युनिट कमी पडतात.

शेतीपंपाला तर बिलच नाही. मग या चर्चेचा आमच्याशी काय संबंध?

एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल बळीराजा मोफत वीज योजनेतून सरकार भरतं. बिल शून्य झालं तरी खर्च शून्य होत नाही. तो सरकारकडून येतो, आणि तारा तुटल्या, डीपी जळाला की दुरुस्तीला आठवडा का लागतो याचं उत्तर त्या पैशाच्या वाटेतच सापडतं.

बिनमीटरच्या पंपांना अश्वशक्तीवर ठरलेला दर ही खरं तर क्षमतेवरचीच आकारणी होती. विचार बरोबर होता, पण दोन गोष्टी राहून गेल्या. एक, कागदावर तीनची मोटर आणि विहिरीवर पाचची, हे सर्रास झालं. डीपी कागदावरच्या भाराप्रमाणे बसवला आणि खऱ्या भाराने जळाला. दुसरी, गर्दीची वेळ टाळणाऱ्याला त्यात काहीच मिळत नव्हतं.

शेतीला दिवसा वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना तारांच्या दृष्टीनेही मोलाची आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प, तिथूनच शेतीचा फीडर, वापर आणि निर्मिती दोन्ही दुपारी. वरच्या वाहिन्यांवर त्याचं ओझं नाही. संध्याकाळच्या गर्दीतूनही पंप बाहेर येतात. रात्री-बेरात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी पाजणाऱ्या माणसासाठी तर ती त्याहून मोठी गोष्ट आहे.

डीपीवरच्या सगळ्यांनी मोटारींना कॅपॅसिटर (तारेतून ओढला जाणारा जास्तीचा करंट कमी करणारं उपकरण) बसवले आणि आपसात पाळ्या ठरवल्या तर डीपी टिकतो. हे मी दोन ठिकाणी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या बिलांचा यात काय भाग आहे?

या योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागात चढवतात आणि प्रचंड वीज घेतात. त्यांचं वीजबिल 81 टक्के शासनाने आणि 19 टक्के लाभधारकांनी भरायचं असं धोरण आहे. नदीकाठच्या लहान सहकारी संस्थांना असा आधार मिळतोच असं नाही, म्हणून त्यांना बिल वाचता येणं जास्त गरजेचं.

मोठ्या जोडण्यांच्या बिलातला मागणी आकार मुख्यतः महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर बसतो. पंप महिनाभर चालले की चार दिवस, हे तो पाहत नाही. आवर्तन 25 तारखेला सुरू करून पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला संपवलं तर दोन्ही महिन्यांत सर्वोच्च मागणी नोंदली जाते. तेच आवर्तन एका बिलाच्या महिन्यात बसवता आलं तर दुसऱ्या महिन्याचा आकार कमी होऊ शकतो. पिकाची गरज आधी, हे खरंच. पण निवड असेल तेव्हा बिलाची तारीख बघून ठरवा.

कुपवाडमध्ये माझा छोटा कारखाना आहे. मागणी आकार हीच ती बरोबर पद्धत का?

अर्धी बरोबर. मागणी आकार तुमची स्वतःची सर्वोच्च मागणी मोजतो, मग ती उपकेंद्राच्या गर्दीच्या वेळची नसली तरी. उपकेंद्राची गर्दी मात्र संध्याकाळची. तुमच्या दारातल्या डीपीपुरतं पाहिलं तर तुमची सर्वोच्च मागणी महत्त्वाची, कारण तो डीपी तुमच्यासाठीच आहे. जसजसं वर जावं, 33 केव्ही, 220 केव्ही, तसतशी सगळ्यांची मिळून होणारी गर्दी महत्त्वाची ठरते. म्हणून जवळच्या तारांचा खर्च स्वतःच्या मागणीवर आणि वरच्या जाळ्याचा खर्च सामाईक गर्दीतल्या हिश्श्यावर लागायला हवा. हे दोन दर वेगळे व्हावेत यासाठी उद्योजक संघटनांनी आग्रह धरावा.

बेदाण्याच्या शीतगृहाचं उदाहरण देतो. खोली गार असली की कॉम्प्रेसर संध्याकाळी काही तास बंद ठेवता येतो, माल खराब होत नाही. आज त्याला वेळेनुसारच्या दराचा थोडा फायदा मिळतो, पण जाळ्याचा जो खर्च त्याने वाचवला त्याचा पुरता मोबदला मिळत नाही. विट्याच्या यंत्रमागाला तशी मुभा नाही, माग थांबला की मजुरी थांबते. त्यामुळे गर्दीचा दर हळूहळू, आधी सांगून आणावा.

उच्चदाब ग्राहकांनी (11 केव्ही किंवा त्यावरच्या लाईनवरून थेट वीज घेणाऱ्यांनी) एवढं तर आजच करावं: एप्रिल 2020 पासून तुमचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेला सगळा करंट धरून मोजलेल्या युनिटवर निघतं, म्हणून पॉवर फॅक्टर (त्यातला कामी येणारा वाटा) बिघडला की युनिटच वाढतात. कॅपॅसिटर पॅनेल दर महिन्याला तपासा.

छतावर सोलर बसवलं, बिल जवळजवळ शून्य झालं. मी तारांचा खर्च चुकवतोय का?

तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. नियम जसा आहे तसा वागलात. पण नियमात खोट आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेलं युनिट संध्याकाळी घेतलेल्या युनिटमधून वजा होतं आणि त्याबरोबर त्या युनिटचा वहन आकारही जातो. संध्याकाळी मात्र तुम्ही पूर्वीइतकीच तार वापरता. वर दुपारी उलटी वीज पाठवायलाही तीच तार. तुम्ही न भरलेला भाग शेवटी ज्याला स्वतःचं छत नाही अशा भाडेकरूच्या वहन आकारात जातो.

म्हणून सोलरवर दंड लावावा असं मी म्हणणार नाही, सोलर हवंच आहे. जाळ्याचा आकार युनिटवरून काढून संध्याकाळच्या मागणीवर नेला तर प्रश्न आपोआप सुटतो. ज्याने बॅटरी बसवून संध्याकाळचीही मागणी कमी केली त्याचा आकार खरोखर कमी होईल, आणि तो त्याचा हक्क असेल.

चाळकेवाडी, ढालगावच्या पवनचक्क्यांच्या लाईनचा खर्च कुणाचा?

आपल्याकडे वारा मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांत भरपूर. त्यासाठी ओढलेली वाहिनी उरलेल्या वर्षात बरीच मोकळी असते. तिचा आकार युनिटवर लावला तर खर्च भरून येत नाही, पूर्ण क्षमतेवर लावला तर पवन प्रकल्प परवडत नाही. त्याच वाहिनीवर सौर प्रकल्प जोडणं हा चांगला मार्ग, कारण पावसाळ्यात ढग असले की वारा चालतो आणि उन्हाळ्यात ऊन.

नव्या जोडणीला एवढे पैसे का मागतात?

दारापुरती तार आणि मीटर, एवढाच खर्च ग्राहकाने द्यावा ही एक पद्धत. तुमच्यामुळे वर उपकेंद्रात जे वाढवावं लागेल तेही द्यावं ही दुसरी. लहान ग्राहकासाठी पहिलीच योग्य. त्याच्या एकट्यामुळे उपकेंद्र वाढत नाही. आणि जो शेवटचा आला त्याच्याच डोक्यावर सगळं रोहित्र पडावं हे न्यायाचं नाही, कारण ते आधीच्या पन्नास जणांच्या भाराने भरत आलेलं असतं.

टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर आले की हे सगळं होईल का?

मीटर हे फक्त मोजमाप. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असायला हवा आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान 1.2 पट, इतरांना किमान 1.1 पट, शेती यातून वगळली आहे. ही चांगली सुरुवात आहे. पण हा फरक विजेच्या किमतीचा आहे, जाळ्याच्या खर्चाचा वेगळा हिशोब करून काढलेला नाही. आणि आपला प्रत्येक फीडर एकाच वेळी तुंबत नाही: महाबळेश्वरचा मे महिन्याच्या सुट्टीत, मिरजेच्या बाजारपेठेचा संध्याकाळी, जतच्या शेताचा लाईट येईल तेव्हा.

मीटरवर विश्वास बसायचा तर ग्राहकाला स्वतःचा तासागणिक वापर मोबाईलवर सहज दिसायला हवा. आधी वर्षभर नुसतं दाखवा, मग आकारा.

2019 च्या महापुरात उपकेंद्रं पाण्यात गेली. ती उंचावर बांधायचा खर्च आमच्या दरात येणार का?

दर ठरवायच्या पद्धतीप्रमाणे मंजूर झालेला भांडवली खर्च दरात येतो. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर पाहिल्यावर उपकेंद्राचा चौथरा उंच करणं हा चैनीचा खर्च म्हणता येत नाही. पण त्याचा गर्दीशी काही संबंध नाही, म्हणून तो गर्दीच्या दरात घालू नये. माझ्या मते तो आपत्ती निवारणाच्या निधीतून, म्हणजे अनुदान म्हणून यावा. मग त्यावर परतावा आणि घसारा लागत नाही आणि ग्राहकाचं ओझं खरंच कमी होतं.

आम्ही हे कुठे आणि कसं मांडायचं?

दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. कंपनीने याचिका दाखल केली की ती जाहीर होते, वृत्तपत्रात सूचना येते, हरकती मागवतात आणि जाहीर सुनावणी होते. कोणीही ग्राहक हरकत देऊ शकतो. वकील लागत नाही, मराठीत चालते. महावितरणमध्ये सांगली कोल्हापूर परिमंडळात येतं आणि सातारा बारामती परिमंडळात. फीडरनिहाय भाराची माहिती मागताना हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतो.

"दर कमी करा" एवढंच लिहिलेल्या हरकतींचा ढीग असतो. तुमची हरकत नेमकी असू द्या. आमच्या संस्थेसाठी मी लिहिल्या त्या मागण्या अशा: पारेषणाचा खर्च बिलावर वेगळा छापा, प्रत्येक 33/11 केव्ही उपकेंद्राची सर्वोच्च मागणी आणि तिची तारीख-वेळ दरवर्षी जाहीर करा, वहन आकारातला पुढच्या गुंतवणुकीचा आणि मागच्या कर्जाचा भाग वेगवेगळा दाखवा, ग्राहकांच्या पैशातून उभारलेल्या लाईनींची यादी जोडा. सोबत आपल्या डीपीवर किती जोडण्या आहेत, त्याची क्षमता किती, वर्षभरात तो किती वेळा जळाला आणि दर वेळी बदलायला किती दिवस लागले, हे तारखांसह एका पानावर लिहून जोडा. वायरमनला विचारलंत तर बहुतेक तारखा त्याच्या डायरीत मिळतात.